वेग आणि लगाम

तेज घोडा विकत घेणें सोपें, त्याच्यावर मांड टाकणें कठीण, हें घोड्यांच्या काळांतील शहाणपण यंत्रांच्या काळांत आपण विसरून गेलों आहों. पाठीवरचा माणूस नवखा आहे कीं जाणता, हें घोडा त्याच्या मांडीच्या दाबावरून ओळखतो. बिथरला तरी पुढें खड्डा दिसतांच तो अडतो, आणि दमला म्हणजे आपोआप मंदावतो. लोखंडी घोड्याला यांपैकीं एकहि गोष्ट साधत नाहीं. त्याच्या अंगीं बळ आहे, परंतु भय नाहीं. आणि म्हणूनच भयाचा सारा वांटा स्वारालाच उचलावा लागतो. हा वांटा उचलण्यास शिकणें म्हणजेच वेगवान यंत्राच्या शक्तीशीं जमवून घेणें होय.

मोटारसायकलीच्या इतिहासांत यंत्रांच्या जन्मकथा, शर्यती आणि उच्चांक यांचें वर्णन हौसेनें केलें जातें. परंतु हातीं आलेल्या अफाट बळाशीं माणसानें कसें जमवून घेतलें, त्याचें कोठें साधलें आणि कोठें फसलें, हा इतिहास आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्याचें एक प्रकरण येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. यंत्र आहे इंग्लंडांतील ब्रफ सुपीरिअर, आणि स्वार आहे 'अरबस्थानचा लॉरेन्स' म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स.

नॉटिंगहॅम शहरीं जॉर्ज ब्रफ नांवाच्या कारागिरानें १९१९ च्या सुमारास स्वतंत्रपणें मोटारसायकली बनविण्यास आरंभ केला. त्याचे वडीलहि मोटारसायकलीच बनवीत असत. मुलानें आपल्या गाडीच्या नांवास 'सुपीरिअर', म्हणजे 'श्रेष्ठ', असा शब्द जोडला. वडिलांना यांतून काय बोध झाला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. १९२४ सालीं ब्रफनें 'एस्. एस्. १००' ही गाडी जाहीर केली. नांवांतील आंकडा शोभेचा नव्हता. ताशीं १०० मैल, म्हणजे सुमारें १६० किलोमीटर, इतका वेग गाडीनें गांठून दाखविला आहे, अशी लेखी हमी गिऱ्हाइकाला देण्यांत येई. १९४० सालीं युद्धाच्या धामधुमींत मोटारसायकली बनविणें बंद झालें, तोंवर सर्व नमुन्यांच्या मिळून तीन हजारांच्या आसपासच गाड्या या कारखान्यांतून बाहेर पडल्या.

आतां हा १०० मैलांचा आंकडा त्या काळच्या इतर आंकड्यांशेजारीं ठेवून पाहावा. ब्रिटनमध्यें १९०३ च्या कायद्यानें ठरविलेली ताशीं २० मैलांची वेगमर्यादा १९३० सालच्या अखेरपर्यंत कागदावर जिवंत होती. म्हणजे कायदा ज्या वेगाची कल्पना करूं शकत होता, त्याच्या पांचपट वेगाचें यंत्र कोणाहि सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळत होतें. रस्ते बहुतांशी घोडागाड्यांच्या काळांतील, अरुंद आणि वळणावळणाचे. शहरांत कोठें दगडी फरसबंदी, कोठें लांकडी ठोकळ्यांची, आणि तिच्यांतून गेलेले ट्रामचे गुळगुळीत रूळ. पाऊस पडला कीं या सर्वांवर तेलाचा आणि चिखलाचा एक चकचकीत थर पसरे. गाडी चालविणाराची परीक्षा घेण्याची सक्ति तेव्हां नव्हती. ज्याच्याजवळ पैसा आणि परवान्याचा कागद, तो स्वार.

यंत्रहि समजून घेतलें पाहिजे. इंजिन जे. ए. पी. कंपनीचें, इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणें एकमेकांकडे कललेल्या दोन सिलिंडरांचें, सुमारें एक लिटर मापाचें आणि ४५ अश्वशक्तीच्या आसपासचें. आजच्या मोठ्या गाड्यांपुढें हा आंकडा लहान वाटेल. परंतु हें सारें बळ अरुंद टायरांवर आणि ड्रमच्या ब्रेकांवर सोंपविलेलें होतें. गिअर तीनच, आणि ते बदलण्याचा दांडा टाकीच्या बाजूला. गिअर बदलावयाचा तर एक हात हँडलावरून काढावाच लागे. सिलिंडरांतील ठिणगी लवकर पडावी कीं उशिरा, हेंहि स्वारानेंच एका लहान दांडीनें ठरवावयाचें. आज जीं कामें यंत्र आपलीं आपण उरकतें, तीं त्या वेळीं स्वाराच्या बोटांत आणि कानांत होतीं. इंजिनाचा आवाज ऐकून त्याला काय हवें आहे, हें ओळखावें लागे.

अशा यंत्रावर प्रथम बसणाराला कोणती गोष्ट शिकावी लागते? पहिला धडा उजव्या मुठीचा. मोठ्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाला जोर येण्यासाठीं फार फेऱ्या घ्याव्या लागत नाहींत. मूठ थोडी पिळतांच गाडी अंगाखालून निसटूं पाहते. दुचाकीचा जमिनीशीं संबंध काय तो तळहाताएवढ्या दोन ठिकाणीं. त्यांपैकीं मागच्या ठिकाणावर एकाएकीं सारें बळ लोटलें, आणि खालीं ओल असली, तर चाक पुढें जाण्याऐवजीं बाजूला सरकतें. म्हणून नवशिक्याची मूठ आणि जाणत्याची मूठ यांतील फरक जोरांत नसतो, तर वेळेंत आणि मापांत असतो. दुसरा धडा डोळ्यांचा. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. ताशीं ६० मैलांच्या वेगांत गाडी एका सेकंदांत सुमारें २७ मीटर जाते. म्हणजे संकट दिसून हात हलेपर्यंतच एखाद्या वाड्याचा चौक ओलांडून जावा इतकी ती पुढें गेलेली असते. तेव्हां डोळ्यांनीं चाकापुढें पाहून चालत नाहीं. जेथें आपण पुढच्या क्षणीं असणार, तेथें आधींच जाऊन पोंचावें लागतें. हे दोन धडे पुस्तकांतून येत नाहींत. ते हजारों मैलांनीं अंगीं मुरतात.

लॉरेन्सच्या अंगीं ते मुरले होते, याविषयीं शंका नाहीं. पहिल्या महायुद्धांतील कीर्ति नकोशी होऊन १९२२ सालीं तो नांव बदलून ब्रिटिश हवाई दलांत साधा शिपाई म्हणून भरती झाला, आणि त्याच सालीं त्यानें आपली पहिली ब्रफ घेतली. पुढील तेरा वर्षांत त्यानें एकामागून एक अशा सात ब्रफ चालविल्या; आठवीची मागणी त्याच्या मृत्यूसमयीं नोंदलेली होती. आपल्या गाडीला तो 'बोआनेर्जीज' म्हणे. बायबलांतील हें नांव, त्याचा अर्थ 'मेघगर्जनेचे पुत्र'.

१९२६ च्या सप्टेंबरांत त्यानें जॉर्ज ब्रफला एक पत्र लिहिलें. चार वर्षांत पांच गाड्यांवर मिळून एक लाख मैल पुरे झाल्याचें त्यांत कळविलें आहे, आणि गाड्यांची मनापासून स्तुति केली आहे. परंतु आमचें लक्ष वेधून घेतें तें निराळेंच विधान. आपण वेगाचे व्यसनी नाहीं, असें तो सांगतो. दिवसाकाठीं पांचशें मैलांची मजल तो पुष्कळदां मारी, क्वचित् सातशें मैलांचीहि. पण सबंध दिवसाची सरासरी काढली तर ती ताशीं चाळीस-बेचाळीस मैलांच्या आसपासच येई. कारण त्यानेंच दिलें आहे. मोकळ्या माळावर गाडीला इतका वेग येतो कीं, गांवांतून अगदीं गोगलगाईसारखें गेलें तरी सरासरीला धक्का लागत नाहीं.

या एका विधानांत शक्तीशीं जमवून घेण्याचें मर्म आलें आहे, असें आम्हांस वाटतें. दुबळ्या गाडीचा स्वार गांवांत घाई करतो, कारण गेलेला वेळ माळावर भरून काढण्याची त्याची ऐपत नसते. ज्याच्याजवळ बळाची शिल्लक आहे, त्याला सावकाश जाणें परवडतें. श्रीमंतानें साधेपणानें राहावें, तशी ही गोष्ट आहे. शक्ति अंगीं असूनहि ती न वापरण्याची मोकळीक हाच शक्तीचा मोठा लाभ होय. आणि ज्याला हा लाभ घेतां येत नाहीं, तो गाडीचा धनी नसून गाडीवरचें ओझें आहे.

याचा अर्थ लॉरेन्स भित्रा स्वार होता, असा मात्र कोणीं करूं नये. खाचखळग्यांच्या रस्त्यावर सत्तर मैलांपर्यंत वेग वाढवून गाडी घोड्यासारखी उधळूं देण्यांत त्याला मौज वाटे, हेंहि त्यानें त्याच पत्रांत कबूल केलें आहे. त्याच्या मरणानंतर १९५५ सालीं सर्वांसाठीं प्रसिद्ध झालेल्या 'द मिंट' या पुस्तकांत त्यानें एका विमानाशीं रस्त्यावरून लावलेल्या शर्यतीचें वर्णन केलें आहे. त्या वेळीं तो क्रॅनवेलच्या तळावर होता. डोक्यावर लढाऊ विमान, खालीं त्याची ब्रफ, आणि मध्यें लिंकनचा रस्ता. वाचणाराचा श्वास कोंडावा असें तें प्रकरण आहे. परंतु त्याचा शेवट घरगुती आहे: स्वार शहरांत शिरतो, वेग आवरतो, आणि खाण्याचे जिन्नस खरेदी करीत परत फिरतो. उन्माद आणि संयम हे दोन्ही एकाच माणसाचे, आणि एकाच संध्याकाळचे.

मध्यंतरीं या स्वाराला यंत्रावांचून राहावें लागलें, आणि तें आपल्या भूमींत. १९२७ च्या जानेवारींत तो कराचीस उतरला. आज पाकिस्तानांत असलेली कराची त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत होती. तेथील ड्रिग रोडच्या हवाई तळावर विमानांचीं इंजिनें दुरुस्त करणाऱ्या विभागांत तो काम करी. पुढें १९२८ सालीं वायव्य सरहद्दीवरील मीरनशहाच्या लहानशा ठाण्यावर त्याची बदली झाली. ब्रफ विलायतेंत मागें राहिली होती. दुसऱ्यांचीं इंजिनें खोलावयाचीं आणि स्वतः मात्र तारेच्या कुंपणांत राहावयाचें, असें तें जिणें होतें. अफगाणिस्तानांतील बंडामागें त्याचा हात असल्याच्या अफवा उठल्या, तेव्हां सरकारनें त्याला घाईनें परत पाठविलें; १९२९ च्या जानेवारींत मुंबई बंदरांतच 'राजपुताना' या आगबोटीवर त्यानें पाऊल ठेवलें. स्वदेशीं पोंचल्यावर मित्रांनीं दिलेली नवी ब्रफ त्याची वाट पाहत होती. या मित्रांत नाटककार बर्नार्ड शॉ आणि त्यांच्या पत्नी हीं होतीं.

वेगाविषयीं त्याचा विचार या पुढील वर्षांत आणखी पक्व झालेला दिसतो. १९३१ च्या फेब्रुवारींत प्लिमथजवळ समुद्रांत एक हवाई बोट कोसळली. बुडणाऱ्यांना वांचविण्याच्या धडपडींत लॉरेन्स स्वतः होता. बचावाच्या बोटी फार मंद आहेत, हें तेव्हां त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. आणि त्यानंतरचीं नोकरीचीं वर्षें त्यानें हवाई दलासाठीं वेगवान बोटी घडविण्याच्या आणि त्यांची परीक्षा घेण्याच्या कामीं घालविलीं. ज्या वेगाला लोक चैन समजत होते, तोच वेग बुडत्याचे प्राण वांचवूं शकतो, हें त्याला उमगलें होतें. वेग चांगला कीं वाईट, हा प्रश्न त्याच्यापुरता संपला होता. वेग कोणाच्या हातीं आणि कशासाठीं, एवढाच प्रश्न उरला होता.

इकडे समाजहि यंत्राच्या बळाशीं आपल्या रीतीनें जमवून घेऊं पाहत होता. जुनी २० मैलांची मर्यादा कोणी पाळीत नाहीं, म्हणून १९३० च्या कायद्यानें ती उठविली. १९३४ या एका वर्षांत ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. मग कायदा पुनः जागा झाला: १९३५ च्या मार्चपासून वस्तींतील रस्त्यांवर ताशीं ३० मैलांची मर्यादा आली, आणि नव्या चालकांस १ जून १९३५ पासून परीक्षा सक्तीची होणार असें ठरलें.

लॉरेन्सचा अपघात या दोन तारखांच्या मध्यें घडला. नोकरींतून मोकळा होऊन त्याला तीन महिनेहि झाले नव्हते. डॉर्सेट परगण्यांतील क्लाउड्स हिल या आपल्या लहानशा घरापासून मैल-दीड मैलावरील बॉव्हिंग्टनच्या लष्करी छावणींत तो १३ मे १९३५ रोजीं तार करण्यासाठीं गेला होता. परततांना रस्त्याच्या एका उतारावर, जेथें पुढचें सारें दिसत नाहीं अशा ठिकाणीं, सायकलीवरून जाणारे दोन मुलगे एकाएकीं समोर आले. त्यांना चुकविण्यासाठीं त्यानें गाडी वळविली. एका सायकलीला धक्का लागला आणि तो हँडलावरून फेंकला गेला. मुलगे वांचले. चौकशींत एका साक्षीदारानें त्याचा वेग पन्नास ते साठ मैल असावा असें सांगितलें; एक काळी मोटार विरुद्ध दिशेनें गेली कीं नाहीं, यावर साक्षी जुळल्या नाहींत. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें प्राण सोडला.

या मरणांतून काय शिकावें? बेफाम स्वाराला बेफामपणाचें फळ मिळालें, असा सोपा निकाल पुष्कळ जण देतात. आम्हांस तो पटत नाहीं. साक्षीदाराचा आंकडा खरा धरला, तरी तो गाडीच्या शक्तीच्या निम्म्यालगतचा आहे. आणि शेवटच्या क्षणीं स्वाराच्या हातांनीं तीच गोष्ट केली, जी तेरा वर्षांच्या अभ्यासानें त्यांना शिकविली होती. यंत्र त्याच्या आज्ञेंतच होतें. उणें पडलें तें दुसरीकडे. विमानाशीं शर्यत लावतांना मनुष्याच्या सगळ्या इंद्रियांवर पहारा असतो. तार करून घरीं परततांना, हजारदां तुडविलेल्या रस्त्यावर, घराचें छप्पर दिसूं लागण्याच्या सुमारास हा पहारा कोणाचा टिकतो? लॉरेन्सच्या मनांत त्या क्षणीं काय होतें, हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु उताराआड काय आहे, हें ओळखीचा रस्ताहि सांगत नसतो. आणि ओळखीनें आपण तें त्याला विचारावयाचें विसरतों, हा सर्वांचाच अनुभव आहे. नव्या बळाचें भय पहिल्या महिन्यांत वाटतें. शक्तीशीं जमवून घेतल्यावर तें ओसरतें. जमवून घेण्यांतील मोठा धोका हाच कीं तें साधतें.

येथें या इतिहासाचें दुसरें पान उलटतें. बेशुद्ध लॉरेन्सवर उपचारासाठीं ज्या वैद्यांना बोलाविण्यांत आलें, त्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा तरुण शस्त्रवैद्य होता. जन्मानें तो ऑस्ट्रेलियन. लॉरेन्सच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. शर्यतीबाहेर तें घालण्याची रीतच त्या काळीं जवळजवळ नव्हती. केर्न्सला त्याचे प्राण वांचवितां आले नाहींत, परंतु तो अपघात विसरतांहि आला नाहीं. दुसरें महायुद्ध सुरू झालें, आणि दिवे मालवलेल्या काळोख्या रस्त्यांवरून निरोप नेणारे मोटारसायकलस्वार शिपाई पटापट मरूं लागले. १९४१ सालीं केर्न्सनें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आपला अभ्यास प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागें बसलेले मेले होते, आणि मरणाचें मुख्य कारण होतें डोक्याला झालेली इजा. शिरस्त्राण घातलेल्या जखमींचीं अवघीं सात उदाहरणें त्याला मिळालीं. त्या सातांपैकीं एकहि दगावला नव्हता. सात ही संख्या लहान आहे. पण त्यानें ती लहान म्हणून टाकून दिली नाहीं. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरापासून कामावरील लष्करी स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें झालें, आणि युद्ध संपल्यावर १९४६ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं, तेव्हांपासून मोटारसायकलस्वारांचें मरणाचें प्रमाण उतरत गेलें. ब्रिटनच्या सर्व स्वारांना ही सक्ति होण्यास मात्र १९७३ साल उजाडावें लागलें. केर्न्स १९५२ सालींच वारला होता. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें तीच गोष्ट सांगितली आहे. ती आपण किती पाळतों, हें कोणत्याहि चौकांत पांच मिनिटें उभें राहिल्यास कळून येईल.

शक्तीशीं जमवून घेण्याच्या या तीन पायऱ्या आहेत. पहिली हाताची, दुसरी डोळ्यांची. या दोन्ही ज्याच्या त्यानें चढावयाच्या. तिसरी पायरी समाजाची: हात आणि डोळे यांची कितीहि तयारी झाली तरी ते एखाद्या क्षणीं चुकणारच, हें आधींच मान्य करून त्या क्षणासाठीं डोक्यावर कांहीं ठेवणें. पहिल्या दोन पायऱ्यांनीं अहंकार सुखावतो; तिसरी अहंकाराला बोंचते. म्हणूनच कुशल स्वार शिरस्त्राणाला नाक मुरडतो, आणि म्हणूनच त्याला त्याची गरज अधिक असते.

यापुढें जाऊन आजचें यंत्र स्वतःच शहाणें होऊं लागलें आहे. ब्रेक दाबतांना चाक जाम होऊं न देणारी योजना १२५ सीसीहून मोठ्या इंजिनांच्या नव्या दुचाकींना आपल्या देशांत २०१९ पासून सक्तीची आहे. महागड्या गाड्यांत मागचें चाक घसरूं लागतांच इंजिनाचें बळ आपोआप आवरलें जातें. लॉरेन्सच्या मुठींत जें शिक्षण होतें, तें आतां यंत्राच्या पोटांत भरलें आहे. ही प्रगति आम्ही मनापासून इष्ट मानतों. परंतु जुन्या वेगवान गाडीवर हौसेनें बसणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्याकडे एस्कॉर्ट्स कंपनीनें जपानी परवान्यावर १९८३ पासून बनविलेली राजदूत ३५० आजहि पुष्कळांच्या आवडीची आहे. तिचें दोन सिलिंडरांचें इंजिन कमी फेऱ्यांत शांत असतें आणि एका मर्यादेपुढें एकदम उसळी घेतें. शिवाय मूळ जपानी गाडीच्या पुढल्या चाकाला असलेला डिस्क ब्रेक जाऊन येथें ड्रमचा ब्रेक आला होता. नव्या गाडीच्या संवयीचा हात अशा यंत्रावर ठेवला तर तो हात अशिक्षितच आहे, असें समजावें. ओल्या रस्त्यावर मूठ हळू उघडावी, ब्रेकचें अंतर आधीं रिकाम्या जागीं मोजून पाहावें, उसळी कोठें येते तें कानांनीं ओळखावें, आणि वस्तींत आपली शिल्लक शक्ति शिल्लकच राहूं द्यावी. पांच वर्षांनीं, सारें अंगवळणीं पडल्यावर, पुनः पहिल्या दिवसाइतकेंच भ्यावें.

लॉरेन्सची शेवटची ब्रफ मोडली नाहीं. ती दुरुस्त होऊन अद्याप आहे, आणि क्वचित् प्रदर्शनांत लोक तिच्याभोंवतीं कौतुकानें गोळा होतात. तिच्याकडे पाहतांना लोकांना १०० मैलांचा वेग आठवतो. आम्हांस मात्र आठवतो तो दोन सायकलींना चुकविण्यासाठीं वळलेला हात, आणि उघडें राहिलेलें डोकें.